टाच, मांडी आणि दुखरी नस

महोदय,

'फिरकी ही या संघाची अकिलिसची टाच' असे क्रीडापानावर वाचले आणि नातवाने विचारले, "आजी, टाच दुखत होती म्हणून हरले का?" प्रश्न अगदीच वावगा नव्हता. अकिलिसची टाच म्हणजे बलवानाची एकमेव कमकुवत जागा, हे त्याला कुठे ठाऊक?

ग्रीक कथेत थेटिस या जलदेवतेने आपल्या तान्ह्या मुलाला, पुढे महावीर झालेल्या अकिलिसला, स्टिक्स नदीत बुचकळले, त्याला शस्त्र लागू नये म्हणून. धरले होते टाचेला. बोटांखालची तेवढी जागा कोरडी राहिली. पुढे ट्रॉयच्या युद्धात ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचा बाण नेमका त्याच टाचेला लागून तो मेला. गंमत म्हणजे होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात ही नदीची आणि टाचेची गोष्टच नाही. तिथे तर अकिलिसच्या हाताला भाला चाटून जातो आणि चक्क रक्त येते! नदीची गोष्ट मिळते ती पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे. इंग्रजीत कवी कोलरिजने १८१० मध्ये आयर्लंडला ब्रिटिश अकिलिसची टाच म्हटले.

आपल्याकडे दुर्योधनाची मांडी आहेच, गांधारीच्या नजरेतून सुटलेली. ती कथाही व्यासांची नव्हे, मागाहून लोकांनी जोडलेली.

भाषांतरात बरेच जण 'दुखरी नस' लिहितात, ते मात्र खटकते. दुखरी नस दाबली की माणूस कळवळतो. टाच एरवी दुखत नाही, ध्यानातही येत नाही. घात होतो तो तिथेच. फिरकीच्या बातमीला साधे 'कच्चा दुवा' चालून गेले असते.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा