दुकानातल्या कॅप्सूलही तपासा

महोदय,

कॅप्सूल पोटात गेली की विरघळणारच, असे आपण धरून चालतो. परंतु तिच्यातले औषध किती वेळात आणि किती प्रमाणात बाहेर पडते, यावर गुण येणे अवलंबून असते. पिंपरी परिसरात औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात मी नोकरीला होतो, तेव्हा हे मोजणारी डिसोल्यूशन (विरघळण्याची) चाचणी हातानेच होई. ३७ अंश सेल्सिअसवर राखलेल्या सहा भांड्यांत बहुधा ९०० मिलिलिटर द्रव असे आणि कॅप्सूल एकेक मिनिटाच्या अंतराने सोडाव्या लागत, कारण सिरिंजने नमुना काढणारे हात दोनच. आज स्वयंचलित यंत्र ठरल्या वेळी सहाही भांड्यांतून नमुने ओढते, गाळते आणि प्रत्येक नोंद संगणकात ठेवते, याचे मी मनापासून स्वागत करतो. मला बोलायचे आहे ते त्यामुळे वाचलेल्या वेळाबद्दल.

कॅप्सूलचे कवच बहुतेकदा जिलेटिनचे असते. उष्ण, दमट हवेत ते बराच काळ राहिले की जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींशी जोडल्या जातात आणि कवच पाण्यात विरघळेनासे होते. बाजारातून परत आलेल्या एका मालात मी हे पाहिले आहे: कॅप्सूल ज्यात ठेवून द्रवात फिरवतात ती तारेच्या जाळीची बास्केट अर्धा तास फिरल्यावरही तिच्या जाळीत सायीसारखा पापुद्रा शिल्लक होता आणि आत औषधाचा गोळा तसाच. कारखान्यातून निघताना हीच बॅच उत्तीर्ण झाली होती. अशा वेळी द्रवात पेप्सिनसारखे विकर घालून फेरचाचणी करण्याची मुभा औषधकोशात (औषधांच्या अधिकृत निकषांच्या ग्रंथात) आहे, कारण जठरातही ते असते; म्हणजे अशी प्रत्येक कॅप्सूल वाया गेली असे नव्हे, पण ते तपासल्याशिवाय कळणार कसे?

कंपन्या टिकाऊपणाच्या चाचण्या करतात, मात्र त्या ठरावीक तापमानाच्या कपाटात. पत्र्याखालच्या दुकानात पुण्याचा एप्रिल-मे आणि मागोमाग पावसाळा काढलेल्या कॅप्सूलची गोष्ट वेगळी. म्हणून यंत्रामुळे वाचलेल्या वेळात अन्न व औषध प्रशासनाने मेअखेर आणि सप्टेंबरमध्ये दुकानांतून कॅप्सूलचे नमुने मुद्दाम उचलून त्यांची डिसोल्यूशन चाचणी करावी. कायदेशीर अहवाल सरकारी विश्लेषकाचाच लागतो हे खरे, पण प्राथमिक चाळणीसाठी शहरातल्या औषधनिर्माण महाविद्यालयांची मदत घेता येईल.

एक विनंती विश्लेषकांनाही. नमुना यंत्राने काढला तरी चाचणी संपल्यावर बास्केट उचलून पाहावी आणि जाळीत काय उरले आहे ते अहवालात लिहावे. औषध कमी उतरल्याचे आकड्यावरून समजते, पापुद्रा मात्र डोळ्यांनीच पाहावा लागतो.

— एक निवृत्त औषध विश्लेषक, पुणे