शब्द मोजण्याआधी यंत्र ताडून पाहा

संपादक महोदय,

मुलाच्या कानावर घरात किती बोलणे पडते हे मोजणारे ‘लीना’ हे छोटे यंत्र खास शिवलेल्या कपड्याच्या छातीवरील खिशात ठेवतात. ते 16 तासांपर्यंत ध्वनिमुद्रण करते. मग संगणक मोठ्यांचे शब्द, मुलाचे आवाज आणि संवादाच्या फेऱ्या मोजतो. मूल आणि मोठे माणूस यांपैकी एकाच्या बोलण्याला दुसऱ्याकडून 5 सेकंदांत प्रतिसाद मिळाला तरच फेरी धरली जाते. आमच्या मते फेऱ्यांचा आकडाच सर्वांत मोलाचा.

मात्र ही प्रणाली अमेरिकी इंग्रजीवर घडवलेली आहे. शब्द न ओळखता ती आवाजावरून संख्येचा अंदाज बांधते. इंग्रजीत ज्याला अनेक शब्द लागतात, ते मराठीत ‘शाळेतल्यांनासुद्धा’ या एकाच शब्दात मावते; मग अंदाज चुकू शकतो! शिवाय ठाण्यातल्या वन-बीएचकेत दोघे एकदम बोलले किंवा मागे मालिका चालू असली, की ते बोलणे गणतीतून गळते. बोलके एकत्र कुटुंब कागदावर मुके दिसू शकते.

म्हणून हे यंत्र वापरणाऱ्या येथील संस्थांनी आधी शांत आणि गजबजलेल्या वेळेचे 10-10 मिनिटांचे तुकडे ऐकून त्यांतले शब्द हाताने मोजावेत, यंत्राच्या आकड्यांशी ताडावेत. खिशावर दुसरा कपडा चढवू नये, घासण्याचाच आवाज भरतो. आंघोळीच्या वेळी यंत्र काढून जवळच चालू ठेवावे. आणि घरातल्या प्रत्येकाची, कामाला येणाऱ्या मावशींचीही, संमती आधी घ्यावी.

— बालभाषा क्षेत्रातील कार्यकर्ते, नौपाडा, ठाणे