निळ्या कोलंबाइनच्या काकूंना

ती. काकू,
सा. न.

यंदा मेच्या शेवटी तुमच्या बियांपासून आलेली कोलंबाइनची फुलझाडं पुन्हा फुलली. मी फोटो पाठवले, तुम्ही बदामाचं चिन्ह पाठवलंत, आणि जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. उघडच लिहिते आहे, कारण डेन्व्हरच्या आसपास नव्याने राहायला येणाऱ्या एखादीला तरी तुमचं शिकवणं उपयोगी पडेल.

पुण्याहून आलो तेव्हा ‘कोलंबाइन’ हे नाव मला फक्त १९९९ साली इथल्या शाळेत झालेल्या गोळीबारामुळे माहीत होतं. तुमच्या दारातल्या फुलाचं नाव ऐकून मी दचकले, ते तुम्हाला कळलं. “शाळेचं नाव फुलावरून आलंय गं, फूल आधीचं आहे,” म्हणालात आणि एक फूल उलटं धरून दाखवलंत. प्रत्येक पाकळीमागे एक लांब नळी, आणि पाचही मिळून जणू दाणे टिपायला गोल करून बसलेली कबुतरं. लॅटिनमध्ये कबुतराला कोलुम्बा म्हणतात, हेही तुम्हीच सांगितलंत. त्या दिवसापासून ते नाव ऐकलं की मला आधी तुमचं अंगण आठवतं.

मग जुलैत आपण डोंगरावर गेलो. उतारावर निळी-पांढरी फुलं पाहून मी एक रोप मुळासकट आणायला वाकले, तर तुम्ही हात धरलात. १८९९ पासून हे कोलोरॅडोचं राज्यफूल, आणि १९२५ च्या कायद्याने सरकारी जमिनीवरून ते उपटायला बंदी! शिवाय सोटमूळ खोल जातं, ओढून काढलेलं झाड सहसा जगत नाही. “बी देते की तुला,” म्हणालात.

दिलंतही. काळं, चकचकीत, अगदी कलौंजीसारखं. पाकिटावर लाल शाईने लिहिलं होतं : ‘खायचे नाही. मसाल्याच्या डब्याजवळ ठेवू नये.’ कलौंजी याच कुळातली, पण हे बी विषारी, हे मी तोवर ऐकलंच नव्हतं. घरात तेव्हा दोन वर्षांचं मूल होतं. त्या लाल शाईबद्दल तुमचे वेगळे आभार मानायला हवेत.

ऑक्टोबरात दिलेलं बी बर्फ पडायच्या आत बाहेर पेरायचं होतं, ते माझ्याकडून झालं नाही. तुम्ही रागावला नाहीत. ओल्या टिश्यूत गुंडाळून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवायला लावलंत. थंडी सोसल्याशिवाय त्याला जाग येत नाही. पेरताना मी सवयीने वर माती लोटली, तर ती तुम्ही बोटाने बाजूला सारलीत. या बियांना उजेड लागतो, नुसतं दाबून बसवायचं. तीन आठवडे काहीच दिसेना. मी कुंडी रिकामी करायच्या बेतात होते. तुम्ही रोज संध्याकाळी विचारायचात, “पाणी शिंपडलंस ना?” एवढंच. चौथ्या आठवड्यात हिरवे ठिपके दिसले.

पहिल्या वर्षी नुसती पानं. जागा तुम्ही निवडून दिली होतीत : घराच्या पूर्वेला, सकाळचं ऊन आणि दुपारी भिंतीची सावली. आमच्या चिकण मातीत पाणी साचू नये म्हणून कंपोस्ट मिसळून वाफा उंच केला, तोही तुमच्याच देखरेखीखाली. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा उमटल्या तेव्हा मी फवारणीचं औषध घेऊन आले होते. तुम्ही पान उजेडात धरून आतली अळी दाखवलीत आणि म्हणालात, तेवढी पानं खुडून टाक, झाड मरत नाही. औषध मारशील तर भुंगे कुठे जातील?

दुसऱ्या जूनमध्ये पहिल्या कळ्या उमलल्या आणि चौथ्या दिवशी गारा पडल्या. दहा मिनिटांत सगळं आडवं. मी फोनवर रडले. तुम्ही तेव्हा सामान बांधत होतात, लेकीकडे जायची तयारी चालली होती, तरी आलात. मोडलेले दांडे बुडापाशी कापलेत आणि बाकीचं तसंच ठेवायला सांगितलंत. ऑगस्टपर्यंत नवी पानं भरून आली.

आता तीन झाडांची अकरा झाली आहेत, आपोआप बी पडून. एका शेजाऱ्याच्या दारात गुलाबी जात आहे, त्यामुळे यंदा दोन झाडं फिकट जांभळी निघाली. या जाती एकमेकींत सहज मिसळतात, हे तुम्ही म्हणाला होतात. तुमचा शुद्ध निळा रंग टिकावा म्हणून मी निळ्या झाडांनाच बी धरू देते, बाकीची फुलं वाळली की कापते. मधमाश्यांना कोण अडवणार, पण जमेल तेवढं करते. संध्याकाळी लांब सोंडेचे पतंग येतात आणि उडता उडता नळीच्या टोकाचा मध पितात. ते पाहायला आम्ही तिघंही दारात उभे राहतो.

शेंगा वाळू लागल्या आहेत. तुमच्या नव्या अंगणात दुपारचं ऊन कोणत्या बाजूने येतं ते कळवा. पाकीट तयार आहे, लाल शाईत लिहून.

तुमची,
जुनी शेजारीण