जामीन झाला, जामीनदार मिळेना! मंडळाचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

दिवाळी तोंडावर आहे, लिहायला हाती एकच संध्याकाळ. सांभाळून घ्या.

परवा कोर्टाबाहेर शिरपूरकडची पावरा आदिवासी माय तिसऱ्यांदा भेटली. लेकाला जामीन होऊन दोन महिने झाले, पोरगा आतच. जामीनदाराला सातबारा लागतो, तो अजून सासऱ्याच्या नावावर. सासरे वारले, फेरफार झालाच नाही. लेकासाठी आणलेली मक्याची भाकर आत घेतली नाही, तर तिनं पायरीवर बसून स्वतःच खाल्ली.

हा एकटा नाही. २०२२ च्या सरकारी अहवालात देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, जागा ४,३६,२६६ ची. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. म्हणजे शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता तरी तुरुंग भरलेलेच! आपल्या महाराष्ट्रात दहातले आठ कच्चे. बहुतेकांचं शिक्षण दहावीच्या आतलं.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत, हे आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. आज तिथं कोण आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

विचारणारे थोडे, पण सोन्यासारखे. अमळनेरच्या ताई दर महिन्याला पेन्शनमधून पाकीट पाठवतात, वर 'नाव नको' अशी चिठ्ठी. चाळीसगावच्या दादांनी स्वतःच्या शेताच्या उताऱ्यावर तिघांचा जामीन घेतला. घरचे महिनाभर बोलले नाहीत. तिघांपैकी एकानेही तारीख चुकवली नाही. आणि आपले कै. आबा! गुडघे धरलेले, तरी पहिल्या एसटीने तारखेला हजर. येताना चार पोरांसाठी केळीही आणायचे.

गेल्या वर्षी दोनशे पत्रं वाटली, सात पावत्या फाटल्या. एक जण तर म्हणाले, "चोरेसले कसाले पैसा?" अहो, चोर कोण ते अजून ठरायचंय! गणपतीच्या वर्गणीला हेच गृहस्थ पहिले. असो.

वकील सरकारचं विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजनाही आहे, सुरुवातीला कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंत होती. पण कागद जमवून अर्जामागे फिरायला माणूस लागतो. म्हणून हवंय: जामीनदार (सातबारा, ऐपतीचा दाखला, आधार, फोटो), घरच्यांच्या एसटी भाड्याला पैसे, आठवड्यातून अर्धा दिवस देणारी दोन तरुण पोरं. रक्कम कितीही, पावती लगेच, ८० जी ची आयकर सवलत नाही. कपडे-फराळ परस्पर तुरुंगावर नेऊ नका, परत येतो. कार्यालय संध्याकाळी ६ ते ८, रविवार बंद, जिना अंधारा आहे.

आपला,
चिटणीस