पत्ता कायमचा, फाइल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्लॉकचेनवरच्या (अनेक संगणकांवर जपलेल्या, मागाहून सहसा न बदलता येणाऱ्या नोंदींच्या साखळीवरच्या) इंटरनेटची ओळख करून देणाऱ्या लेखांत एक वाक्य हमखास असते: ‘एकदा साखळीवर चढवले की कायमचे.’ चढवले काय, हे मात्र सांगायचे राहून जाते.

संकेतस्थळाची पाने आणि फोटो सहसा इथेरियम या ब्लॉकचेनवर ठेवत नाहीत. तिथे साठवलेल्या प्रत्येक बाइटला गॅस, म्हणजे व्यवहाराचे शुल्क, लागतो; मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही परवडायचा नाही. फाइली जातात आयपीएफएस या अनेक संगणकांत वाटलेल्या फाइल-जाळ्यावर, आणि 2015 साली आलेली ही व्यवस्था मुळात ब्लॉकचेन नाहीच. फाइलचे सामान्यतः 256 किलोबाइटचे तुकडे पडतात, त्यांच्या हॅशवरून (मजकुरातून गणिताने काढलेल्या, बोटाच्या ठशासारख्या खुणेवरून) फाइलचा पत्ता, म्हणजे सीआयडी, ठरतो. मजकुरात एक स्वल्पविराम हलवा, पत्ता बदललाच.

साखळीवर असते ते नाव. ईएनएस या इथेरियमवरच्या नावनोंदणी सेवेत ‘डॉट ईथ’ने संपणारे नाव घ्यायचे (पाच किंवा अधिक अक्षरांना वर्षाला 5 डॉलर, गॅस वेगळा) आणि त्याच्या ‘कंटेंट हॅश’ नोंदीत सीआयडी भरायचा. पान सुधारले की सीआयडी नवा, व्यवहार नवा, गॅस पुन्हा. नूतनीकरण चुकले तर 90 दिवसांची मुदत. त्यानंतर ते नाव कोणीही घ्यावे.

फसगत होते ती फाइलच्या बाबतीत. आपल्या नोडवर, म्हणजे जाळ्याला जोडलेल्या संगणकावर, ती ‘पिन’ (न पुसण्याची खूण) केली नसेल तर साफसफाईत उडते. इतरांच्या नोडवर उतरलेल्या प्रतीही तात्पुरत्याच. फाइल फक्त आपल्या लॅपटॉपवर असेल, तर तो मिटला की संकेतस्थळ बंद! म्हणून किमान दोन जागी पिन करावे: एक सतत चालू राहणारा स्वतःचा नोड, दुसरी पैसे देऊन घेतलेली पिनिंग सेवा. पुसायचे ठरवले तर पंचाईत उलटी. दुसऱ्या कोणी प्रत पिन केली असेल तर ती आपल्याला काढता येत नाही. तेव्हा आधार कार्ड वगैरे इथे टाकूच नये.

बहुतेक ब्राउझरांना आयपीएफएसची भाषा कळत नाही, मध्ये गेटवे, म्हणजे तिथली फाइल साध्या वेबवर आणून देणारा सर्व्हर, लागतो. 2017 मध्ये स्पेनमधल्या कॅटालोनियाच्या स्वातंत्र्याच्या सार्वमताची माहिती आयपीएफएसवर ठेवली गेली, तेव्हा स्पेनने नेमका गेटवेच रोखला. स्वतःचा नोड चालवणाऱ्यांना वाट मोकळी होती; पण असे लोक किती?

आपल्याकडे 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत सुमारे 65 हजार जातप्रमाणपत्रे पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनशी जोडण्याचा उपक्रम गाजला. उपयोग खराच आहे: नंतर कोणी कागदात खाडाखोड केली तर हॅश जुळत नाही. कार्यालयातल्या टेबलावरच नोंद चुकीची झाली असेल, तर साखळी ती चूकही तितक्याच इमानाने जपते.

राहिली किल्ली. नावाचा ताबा ज्या वॉलेटकडे असतो, त्याचे 12 किंवा 24 गुप्त शब्द हरवले तर ओटीपी नाही, तक्रार खिडकी नाही, नाव गेले. हे शब्द वहीत लिहून ठेवावेत. स्क्रीनशॉट काढला तर तो अनेकदा आपसूक कुठल्यातरी कंपनीच्या क्लाउडवर जातो, आणि ज्या कंपन्यांपासून सुटायला हा सगळा खटाटोप केला, त्यांच्याच हाती किल्ली पडते.

आपले,
नेटवर्किंगच्या व्यवसायातले दोन वाचक