मिलिग्रॅम प्रति काय?

संपादक महाशय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला 'नैराश्य म्हणजे मेंदूची सूज' हा लेख वाचला. विषय घेतलात त्याबद्दल आभार. ते आधीच मानून घेतो, कारण पुढे संधी मिळेलसे दिसत नाही.

चौकटीत ठळक छापले आहे : 'सीआरपी ३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्यास सावध व्हा.' (सीआरपी म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारे प्रथिन.) अहो, प्रति लिटर! डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. तुमचे ३ प्रत्यक्षात ३० झाले. तिथवर आकडा गेला की न्यूमोनिया आहे का, कुठे पू झाला आहे का, हे आधी शोधतात. उलटही होते. काही लॅब रिपोर्ट डेसिलिटरमध्येच देतात. त्यावर ०.४ दिसले की तुमचा वाचक निश्चिंत, आणि ते असतात लिटरला ४. रिपोर्टवरचे एकक वाचा, एवढी एक ओळ चौकटीत मावली नसती?

शिवाय तपासणी कोणती हेही सांगितलेले नाही. साधी, स्वस्तातली लॅटेक्स सीआरपी लिटरला ६ च्या खालचे काही दाखवत नाही. १ आणि ३ मधला फरक कळायला हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी कमी प्रमाणही मोजणारी सीआरपीच मागावी लागते. तीही सर्दी-ताप, दाढेचा गळू, चिकुनगुन्याची सांधेदुखी असताना करू नये. गर्भनिरोधक गोळ्यांनी आकडा वाढतो, सुटलेल्या पोटानेही वाढतो. १० च्या वर आला तर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचे.

'सीआरपी नॉर्मल म्हणजे नैराश्य नाही' हे वाक्य तर फारच महागात पडेल. नैराश्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांतच ती ३ च्या वर सापडते. उरलेल्यांनी काय, आजारी नाही म्हणून घरी जायचे?

'ताणाने कॉर्टिसॉल वाढते आणि त्यामुळे सूज येते' हेही उफराटे. कॉर्टिसॉल हे ताणात स्रवणारे संप्रेरक; ते दाह, म्हणजे तुमची 'सूज', दाबते. ताण महिनोन्महिने टिकला की प्रतिकारपेशी त्याला दाद देईनाशा होतात, आणि इंटरल्यूकिन-६ सारख्या दाह वाढवणाऱ्या द्रव्यांवरचा लगाम सुटतो. दाहाने मन खचते याचा भक्कम पुरावा इंटरफेरॉन-अल्फा या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधाच्या उपचारांतून मिळाला. २००१ च्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या मेलानोमाच्या (त्वचेच्या कर्करोगाच्या) ज्या रुग्णांना आधीपासून पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी दिली, त्यांच्यातल्या ११ टक्क्यांना नैराश्य आले. नकली गोळी घेणाऱ्यांत ४५ टक्क्यांना. आता दुसरी बाजू, जी लेखात औषधालाही नाही. २०१३ साली औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाहविरोधी इंजेक्शनची चाचणी झाली. एकंदरीत फरक शून्य. गुण दिसला तो सीआरपी ५ च्या वर असलेल्यांत. कमी असलेल्यांत औषधाऐवजी नुसते सलाइन दिलेलेच बरे राहिले.

राहिले लेखातले हळदीचे दूध. हळदीत कुर्क्युमिन, म्हणजे तिच्यातले दाहविरोधी द्रव्य, ३ टक्क्यांच्या आसपास. चमचाभर हळदीत जेमतेम १०० मिलिग्रॅम, तेही आतड्यातून फारसे शोषले जात नाही. नैराश्यावरच्या चाचण्यांत रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम कुर्क्युमिन दिले होते. दूध खुशाल प्या, पण चालू गोळ्या त्याच्या भरवशावर बंद करू नका.

त्याच पानावर खाली 'संपूर्ण शरीर तपासणी'ची पाऊण पान जाहिरात होती. योगायोग असेल.

दुरुस्ती छापाल तेव्हा राशिभविष्याखाली नको; त्याच जागी, तेवढ्याच टायपात द्या. आणि पिवळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे छापणे कृपया थांबवा, चष्मा लावूनही दिसत नाहीत.

— एक पॅथॉलॉजिस्ट, मिरज