रविवारी साडेसात वाजता

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, मोतीबिंदू काढल्यापासून टीव्हीवरची अक्षरं लख्ख दिसतात हे तुम्ही तीनदा सांगितलंत, म्हणून ही यादी. सबटायटलची अक्षरं मोठी करायला मंदाकाकूंच्या नातवाला सांगून ठेवलंय. तो शनिवारी येईल. त्याला चहा देऊ नका, बोर्नव्हिटा द्या.

सुरुवात ‘सिग्नल’नं करा. 2016 ची कोरियन मालिका, 16 भाग. आजचा एक पोलीस आणि जुन्या काळातला एक पोलीस मोडक्या वॉकीटॉकीवर बोलतात, रात्री बरोबर 11 वाजून 23 मिनिटांनी. भूत नाही गं आई. फाइल बंद झाली तरी ज्यांचं माणूस गेलं ते घरात काय करत बसलेले असतात, त्याची गोष्ट आहे. रोज एकच भाग. सांगलीला केलंत तसं पहाटेपर्यंत जागायचं नाही.

‘दृश्यम’ तुम्हाला पाठ आहे. त्याचा चिनी अवतार 2019 मध्ये आला, तो फावल्या वेळात बघा. मला खरं बोलायचंय ते ‘मेमरीज ऑफ मर्डर’बद्दल. 2003 चा सिनेमा, पुढे ‘पॅरासाइट’ काढणाऱ्या बाँग जून-होचा. बाबा, कोर्टात आयुष्यभर पंचनामे टाईप केलेत तुम्ही. यातला बघून हात कपाळावर जाईल. पुरावा म्हणून एकच धड ठसा सापडतो आणि त्याच्यावरून ट्रॅक्टर निघून जातो! प्रकरण खरं आहे. 1986 ते 1991, कोरियातल्या ह्वासॉन्ग भागात दहा बायकांचे खून. सिनेमा निघाला तेव्हा खुनी सापडला नव्हता. 2019 मध्ये डीएनएवरून कळला. त्यातल्या एका खुनासाठी भलत्याच माणसानं वीस वर्षं तुरुंगात काढली होती, तो 2020 मध्ये निर्दोष ठरला.

ह्वासॉन्ग म्हणजे मी राहतो त्या सुवॉनच्या शेजारचंच. आई, लगेच देव पाण्यात घालू नकोस. तो खुनी दुसऱ्या गुन्ह्यात 1994 पासूनच आत आहे, आणि मी रात्री दहाला बिनघोर चालत घरी येतो.

सुवॉनचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. इथल्या नोकरीचा करार दोन वर्षांनी वाढवलाय. सही सोमवारी केली. आधी विचारायला हवं होतं, मान्य. पण तुम्ही “तुझं तू बघ” म्हणाला असतात, आणि मग मला सही करवली नसती. घराचे हप्ते या दोन वर्षांत बरेच हलके होतील. पुण्यात असतो तरी महिन्यातून एकदाच आलो असतो ना? (हे मी स्वतःलाही रोज सांगतो.) इथे तूरडाळ मिळते, थंडीत घराची जमीनच गरम असते, पायमोजे लागत नाहीत. दिवाळीचं तिकीट काढलंय.

वीज गेली की गच्चीवर तुम्ही रहस्यकथा सांगायचात, बाबा, आणि ऐन खुनाशी थांबून “उरलेलं उद्या.” मग मी संडासात गेलो की बाहेर उभं राहून खाकरत राहायचात, मला कळावं म्हणून. आता तसंच करू. दर रविवारी तुमचे साडेसात, माझे अकरा. फोन चालू ठेवून एक भाग एकत्र बघायचा. जेवण आधी, बीपीची गोळी आधी, डोळ्यांचे थेंब वेळेवर. आईला इंग्रजी वाचून मराठीत तुम्ही सांगायचं, मात्र पुढचं आधीच फोडायचं नाही.

आणि आई, ‘मदर’ मी आल्याशिवाय लावू नकोस. 2009 चा, बाँगचाच. गावात जडीबुटी विकणारी बाई, तिच्या भोळ्या मुलावर खुनाचा आळ येतो, आणि ती एकटी शोध घ्यायला निघते. मुलासाठी ती जे करते ते बघून तू म्हणशील, “मग, यात काय विशेष?” मला नेमकी त्याचीच भीती वाटते. तेव्हा तुझ्या शेजारी बसायचंय मला.

रविवारी फोन चार्जिंगला लावून ठेवा.

तुमचा,
नंदू